वीस हजार टाक्यांचं जॅकेट

आजचा एपिसोड रेकॉर्ड करताना मी एक जॅकेट घालून बसलोय. ऑडिओत दिसणार नाही, म्हणून सांगतो. ऑफ-व्हाइट रंग, सुती, जाळीदार, बाह्या कोपराच्या जरा खाली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळसाठी आहे ते. पुण्यात एप्रिलमध्ये दिवसभर आपण भाजून निघतो, पण रात्री आठ-साडेआठला गच्चीवर बसलं किंवा टू-व्हीलरवरून नदीचा पूल ओलांडला की अंगाला गार वारा लागतो. नुसता टी-शर्ट कमी पडतो आणि विंडचीटर घातलं की घाम फुटतो. त्या मधल्या वेळेसाठी हे जॅकेट.

आणि हे मी स्वतः विणलंय. क्रोशाने.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे सवयीने पहिल्याच दिवशी एक शीट उघडून बसलो. आज किती तास, किती ओळी, किती उसवलं. शेवटचे आकडे असे आहेत: ७१ तास, साधारण २० हजार टाके, ४२० ग्रॅम दोरा. यातला ७१ हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शिकलो कुणाकडून? आजीकडून. ती सांगलीला असते. मी व्हिडिओ कॉल करून म्हणालो, "आजी, मला क्रोशाचं जॅकेट करायचंय, उन्हाळ्यात घालायला." ती म्हणाली, "उन्हाळ्यात स्वेटर? उन्हाने डोकं फिरलंय का तुझं?" मग समजावून सांगितलं की लोकर नाही, सुती दोरा, जाळीची वीण. त्यावर दोन मिनिटं शांतता. मग म्हणाली, "म्हणजे टेबलक्लॉथला बाह्या लावायच्या. जमेल."

खरं सांगतो, माझ्या जॅकेटचं इतकं अचूक वर्णन पुन्हा कुणी केलं नाही.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या घरी क्रोशाचं काहीतरी असणारच. दाराचं तोरण, टीव्हीवर टाकायचा रुमाल, ताटावरचं थालपोश, लग्नातल्या रुखवतात मांडलेला पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. आपल्याला वाटतं की हे सगळं फार जुनं, पार पेशवाईच्याही आधीचं असणार. मलाही तसंच वाटायचं. म्हणून वाचायला बसलो, आणि पहिला धक्का तिथेच बसला. क्रोशे ही कला अजिबात प्राचीन नाही. रेल्वेच्या इंजिनापेक्षा ती फार म्हातारी नसावी.

एक फास, बस्स

आधी क्रोशे म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. 'क्रोशे' हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला आकडा असतो, म्हणून ते नाव.

दोन सुयांवर स्वेटर विणतात, त्यात एका ओळीतले सगळे टाके सुईवर एकाच वेळी उघडे असतात. शंभर टाक्यांची ओळ असेल तर शंभर फास. एक सुई निसटली की आईच्या तोंडून जो आवाज येतो तो आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. क्रोशाचं तसं नाही. नेहमीच्या क्रोशात कुठल्याही क्षणी सुईवर एकच फास जिवंत असतो. बाकी सगळं काम मागे बंद होत जातं. सुई काढून ठेवा, फोन घ्या, चहा टाका, परत या. तो एक फास सापडला की काम पुढे सुरू.

मला हे कळलं तेव्हा फार आवडलं, कारण माझं रोजचं काम याच्या अगदी उलट आहे. एका वेळी चौदा टॅब उघडे, आणि त्यातलं एकही काम बंद झालेलं नाही.

टाके मोजकेच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ही आपली मराठी नावं, आणि मला ती इंग्रजी नावांपेक्षा शंभरपट बरी वाटतात. दोरा एकदा ओढला की साखळी. दोऱ्याचा वेढा न घेता केलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब. वेढा घेऊन उंच केला की खांब. माझ्या जॅकेटची अख्खी वीण एका ओळीत सांगता येते: एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडा, पुन्हा तेच. सोडलेल्या टाक्यामुळे भोक पडतं आणि भोकातून वारा येतो.

आता माझी चूक सांगतो, कारण तीसुद्धा इतिहासाचाच भाग निघाली. नमुना ब्रिटिश पुस्तकातला होता आणि व्हिडिओ मी अमेरिकन बघत होतो. दोन्हीकडे 'डबल क्रोशे' हा शब्द आहे, पण ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकनांचा डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब. नमुन्यात काठाला आणि खिशाला घट्ट वीण हवी होती. मी तिथे खांबावर खांब उभे करत सुटलो. खिशात किल्ली टाकली, ती सरळ पायावर पडली. नऊ तासांचं काम उसवलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस. आमचा मुका खांब सगळीकडे मुकाच असतो."

हवेतली साखळी

तर हे आलं कुठून? सुयांवरच्या विणकामाचे इजिप्तमध्ये सापडलेले नमुने कित्येक शतकं जुने आहेत. क्रोशाचा मात्र १८०० च्या आधीचा ठोस पुरावा युरोपात मिळत नाही. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींमध्ये १८१२ सालच्या संदर्भात 'मेंढपाळांचं विणकाम' असा उल्लेख येतो; आकड्याने दोरा ओढून केलेले जाड कपडे. छापील नमुना मिळतो तो नेदरलँड्समधल्या 'पेनेलोपे' नावाच्या मासिकात, १८२३ साली. रेशमी दोऱ्याच्या छोट्या पर्स होत्या त्या.

मग त्याआधी? इथे एक तर्क आहे, आणि आपल्यासाठी तो मजेशीर आहे. अठराव्या शतकात युरोपात 'टँबूर' नावाच्या भरतकामाची लाट आली. गोल चौकटीवर कापड ताणायचं, आकड्याची सुई वरून खुपसायची, खालचा दोरा वर ओढायचा आणि कापडावर साखळी काढत जायचं. हे काम पूर्वेकडून तिकडे गेलं. आपल्याकडचं आरीकाम बघितलंय ना? कच्छमध्ये मोची समाजाच्या कारागिरांनी चामड्यावरची आरी कापडावर चालवली, आणि आजही ब्लाउजच्या गळ्यावर 'आरी वर्क' म्हणून जे करतात तेच तंत्र. तर्क असा की कुणीतरी एके दिवशी कापडच काढून टाकलं. आधाराला काही नाही, तरी साखळी चालूच. एका साखळीत दुसरी अडकवली आणि कापडाशिवाय कापड तयार झालं.

हे सिद्ध झालेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. काही अभ्यासकांना तो मेंढपाळांचा धागा जास्त पटतो. पण ज्या अभ्यासकांना टँबूरचा रस्ता पटतो, त्यांच्या हिशेबाने आजीच्या सुईचं एक मूळ आपल्याच बाजूचं निघतं.

बटाटा कुजला तेव्हा

१८४५. आयर्लंड. इथपासून गोष्ट गंभीर होते.

आयर्लंडमधल्या गरीब माणसाचं जेवण म्हणजे बटाटा. तुकडाभर जमीन, त्यात बटाटा, त्यावर अख्खं कुटुंब. त्या वर्षी बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं पिकं कुजत राहिली. साधारण दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाख भरली. याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. दुष्काळात धान्य बाहेर जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

या काळात कॉर्क शहराजवळच्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणी आणि ठिकठिकाणच्या काही बायका मुलींना क्रोशे शिकवू लागल्या. मोनाहन परगण्यात क्लोनिस नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये बाहेरून एक शिक्षिका बोलावली आणि गावातल्या, आसपासच्या बायकांना ही कला शिकवायला लावली. आजही 'क्लोन्स लेस' या नावाने ती ओळखली जाते.

आता प्रश्न असा की क्रोशेच का? कारण भांडवल जवळजवळ शून्य. माग नको, यंत्र नको, जागा नको. हवा फक्त दोरा आणि एक आकडा. तो आकडासुद्धा घरी बनायचा. सुईचं नेढं अर्धं घासून टाकायचं आणि सुई लाकडाच्या मुठीत बसवायची.

दुसरं कारण वेगाचं. युरोपातल्या श्रीमंतांना व्हेनिसची जुनी लेस हवी असायची. ती साध्या सुईने, टाक्यावर टाका घालून करतात, त्यामुळे प्रचंड वेळ खाते. आयरिश बायकांनी तसाच उठाव क्रोशाने आणला, कितीतरी कमी वेळात. जाड दोऱ्याची वात धरायची आणि तिच्यावरून टाके घालत गुलाब, शॅमरॉकची तीन पानं, नेच्याची पानं करायची. ती कापडावर टाचायची आणि मधल्या जागा जाळीने भरून जोडायच्या.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. एकेका घराची एकेका फुलात हातोटी असायची. एका घरात गुलाब, दुसऱ्या घरात पानं, आणि कुणीतरी तिसरी बाई ती सगळी जोडणार. आम्ही ज्याला मॉड्यूल म्हणतो तेच. दोऱ्याची जाडी आणि आकार ठरलेला, बाकी ज्याचं त्याने घरी करायचं. चुलीशेजारी, मूल झोपल्यावर. फरक एवढाच, आमच्याकडे डेडलाइन चुकली तर मीटिंग लागते. तिथे चुकली तर चूल पेटायची नाही.

ही लेस लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कपर्यंत पोचली. त्या पैशातून कुणी भाडं भरलं, कुणी धान्य आणलं आणि कुणी अमेरिकेला जाणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं.

याच सुमारास एक बाई नमुन्यांची पुस्तकं छापत होत्या. नाव एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्डिएर. वडील फ्रेंच, आई आयरिश. १८४० च्या दशकापासून त्यांची पुस्तकं निघत राहिली, आणि आयरिश पद्धतीची क्रोशे लेस आपणच शोधली असा त्यांचा दावा होता. दावा बाजूला ठेवू, पण काम मोठं आहे. तोवर हा टाका एका बाईने दुसरीच्या हाताकडे बघून उचलायचा असायचा. आता न भेटलेली बाईसुद्धा तो वाचून करू शकत होती. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात त्यांच्या कामाला पदकही मिळालं.

माझ्या जॅकेटच्या पणज्या

साधारण १९०० ते १९१० च्या दरम्यान युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांमध्ये आयरिश क्रोशाच्या कोटांची आणि जॅकेटांची फॅशन आली. सुती, पांढरी, फुलांनी आणि जाळीने भरलेली, उन्हाळ्यात पोशाखावरून घालायची. मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर त्यांचे फोटो बघायला मिळतात. मी एक फोटो झूम करून करून पाहिला. त्यातल्या जाळीचं तर्कशास्त्र आणि माझ्या जाळीचं तर्कशास्त्र एकच आहे: खांब, साखळी, भोक. बाकी त्यांचे गुलाब आणि माझा खिसा यांची तुलना नको.

सुती दोऱ्यामागेही त्याच काळाची गोष्ट आहे. १८४४ च्या सुमारास जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाला आढळलं की कापूस कॉस्टिक सोड्यात बुडवला की तो मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. पुढे १८९० च्या आसपास होरेस लो याने तीच प्रक्रिया दोरा ताणून धरून केली आणि त्याला चकाकी आली. दुकानात आपण 'मर्सराइज्ड कॉटन' मागतो ना, तो हा मर्सर. उन्हाळी कपड्याला हा दोरा उत्तम, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: लोकर ताणली तर परत जागेवर येते, सूत येत नाही. जड वीण केली तर स्वतःच्याच वजनाने जॅकेट महिन्याभरात गुडघ्यापर्यंत लोंबतं. म्हणून जाळी. म्हणूनच आधी दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग टाके मोजायचे. माझे दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि १० ओळी आल्या. पाठ ५४ सेंटिमीटर, म्हणजे ११९ टाके. बाकी सगळं त्रैराशिक.

कॉलरमध्येही मी घोळ घातला. टाके वाढवत गेलो आणि कॉलर सपाट बसण्याऐवजी कोबीच्या पानासारखी लहरत सुटली. शोधलं तर कळलं की ही गणितातली प्रसिद्ध गोष्ट आहे. डायना टायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ. कॉर्नेल विद्यापीठात असताना १९९७ मध्ये त्यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवून अपास्तिक प्रतल, म्हणजे हायपरबोलिक प्लेन, क्रोशाने विणून दाखवलं. कागदाची मॉडेल्स फाटायची, हे हाताळता येतं. मी बीटेकला हा विषय पाठ करून पास झालो होतो. समजला कॉलर उसवताना.

मशीनला न जमलेली गोष्ट

आता मुद्द्याकडे येतो.

मोजे विणायचं यंत्र विल्यम लीने १५८९ मध्येच केलं. कापडाच्या मागासाठी जाकारने १८०४ च्या सुमारास भोकांची कार्डं आणली, आणि ती कल्पना फिरत फिरत संगणकापर्यंत आली. म्हणजे माझ्या नोकरीचं मूळ मागात आहे. पण क्रोशे यातून निसटलं. सुई प्रत्येक वेळी नवीन ठिकाणी, नव्या कोनातून खुपसावी लागते आणि दोरा बोटांनी ताणून धरावा लागतो. आजही क्रोशाचे कपडे कारखान्यात यंत्रावर सरसकट होत नाहीत. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि जर्मनीत 'केमिकल लेस' आली. यंत्राने कापडावर भरतकाम करायचं आणि मग रसायनाने मूळ कापड विरघळवून टाकायचं. दिसायला आयरिश क्रोशासारखंच, पण क्रोशे नाही. तिच्या स्वस्ताईने आणि पुढे बदललेल्या फॅशनने आयर्लंडमधला धंदा बसत गेला. यंत्रांवर क्रोशासारखी दिसणारी जाळी आजही बनते, पण उलटून पाहिलं की वीण वेगळी दिसते.

याचा अर्थ काय? अर्थ असा की खऱ्या क्रोशाचा कपडा तुम्ही जिथे कुठे बघाल, तिथे त्याच्या मागे कुणाचे तरी दोन हात आहेत. दुकान कितीही चकाचक असो.

गेल्या महिन्यात एका मॉलमध्ये मला एक क्रोशाचं जॅकेट दिसलं. जवळजवळ माझ्यासारखंच. मी ते उलटं करून पाहिलं. खरी वीण होती. डाव्या बाहीजवळ एका ओळीत कुणीतरी एक टाका सोडला होता आणि पुढच्या ओळीत एका भोकात दोन खांब घालून हिशेब जुळवला होता. मी हेच केलंय, पाठीच्या बाविसाव्या ओळीत. म्हणून ओळखता आलं.

किंमत १,७९९ रुपये.

मी तिथेच उभं राहून भागाकार केला. माझ्या ७१ तासांनी भागलं तर तासाला २५ रुपये. मी नवशिका, ठीक आहे. आजी म्हणते ती निम्म्या वेळात करेल. ३५ तास धरले तरी तासाला ५१ रुपये. आणि ही दुकानातली पूर्ण किंमत झाली. त्यातून दोरा, वाहतूक, दुकानाचं भाडं, कर, नफा वजा करा. मग त्या बाहीवाल्या बाईच्या हातात काय उरत असेल? आकडा मला माहीत नाही, पण भागाकाराची दिशा कळते.

नरसापूर, आणि 'फावला वेळ'

आपल्या देशातही या कामाचं एक मोठं केंद्र आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळचं नरसापूर. आपल्या नाशिकहून निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथला हा भाग. स्कॉटिश मिशनरी मॅक्रे दांपत्याने १८४४ च्या सुमारास तिथल्या बायकांना क्रोशे लेस शिकवली. तेव्हापासून आजपर्यंत तिथल्या गावागावात घरोघरी बायका क्रोशे करतात, आणि माल परदेशात जातो. २०२४ साली नरसापूरच्या या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या गावांमध्ये राहून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं, 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर'. त्यांना दिसलं ते असं. बायका घरकाम सांभाळून दिवसाला सहा ते आठ तास लेस करत होत्या. माल जगाच्या बाजारात जात होता. व्यापार पुरुषांच्या हातात होता. आणि या बायकांना कामगार कुणीच म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी' होत्या, आणि लेस हे त्यांचं 'फावल्या वेळातलं' काम. फावल्या वेळातलं म्हटलं की मजुरी कमी देता येते. मीस यांचा मुद्दा थोडक्यात हाच.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं, कारण 'फावला वेळ' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. आजीने गल्लीतल्या निम्म्या मुलींच्या रुखवतातलं क्रोशाकाम केलंय. मोबदला काय? खण, नारळ, कधी पेढे. पैसे कुणी दिले नाहीत आणि तिने मागितले नाहीत. आणि मीसुद्धा, इतकी वर्षं, "आजीचा टाइमपास" असंच म्हणत आलो. हे मला माइकसमोर कबूल करायचं होतं. एपिसोड करायचं खरं कारण तेच.

मी तिला विचारलं, "आजी, एका टेबलक्लॉथला किती तास लागायचे गं?"

"तास कोण मोजतं रे? भांडी आटोपली की सुई घ्यायची हातात. कुकरची शिट्टी झाली की ठेवायची."

एकच फास जिवंत ठेवणारी ही कला बायकांच्या हातात का रुजली, त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. जिचा वेळ कुणीही, कधीही मोडू शकतो, तिला असंच काम परवडतं जे कुठेही थांबवता येतं. आणि ते असं तुकड्यातुकड्यांनी होतं म्हणूनच कुणी मोजत नाही.

मग मी तिला म्हणालो, "पुढचं काम करशील तेव्हा मोजशील? माझ्यासाठी?" ती हसली. पण शेजारच्या काकूंनी लेकीच्या नव्या घरासाठी तोरण सांगितलं होतं, तेव्हा तिने खरंच मोजलं. कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात रेघा. एक तास, एक रेघ. तोरण झालं तेव्हा तिने मला फोन केला. "सव्वीस रेघा भरल्या रे."

"मग काकूंना काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं. सव्वीस तास लागले म्हणून."

"मग?"

"गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, एवढे?"

"पैसे दिले?"

"अजून नाही. पण खण-नारळ घेऊन आल्या नाहीत. उद्या येते म्हणाल्या."

ही परवाची गोष्ट. पुढचं कळलं की सांगेन.

ऑफिसमध्ये हे जॅकेट घालून गेलो तर एक मित्र म्हणाला, "भारीये यार, मलाही एक करून दे ना, दीड हजार देतो." मी त्याला शीट पाठवली. त्याचा अजून रिप्लाय नाही.

तर मंडळी, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एकच. घरात क्रोशाचं जे काही असेल, तोरण, रुमाल, काहीही, ते उलटं करून बघा. टाके मोजा, निदान एका ओळीचे. मग ज्यांनी केलंय त्यांना फोन करून विचारा की किती वेळ लागला होता. "कोण मोजतं" असंच उत्तर येईल. तरी विचारा.

आणि कुणाला जॅकेट करायचंच असेल, तर आधी दहा सेंटिमीटरचा नमुना विणा आणि धुवा. नमुना कुठल्या देशातला आहे ते तपासा. नाहीतर खिशातली किल्ली पायावर.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.